पुण्यातला जपान



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा गुरुजींनी सांगितले की, जो कोणी सुट्टीत गावाबाहेर गेला असेल त्याने तिथली एक गोष्ट भित्तिपत्रकासाठी समजावून लिहावी. "मजा आली, खूप मजा आली" असे लिहायचे नाही. वाचणाऱ्याला ती गोष्ट कळली पाहिजे. मी पुण्यास गेले होते. तेथे मी जपान देश पाहिला. हसू नका. कसा पाहिला तेच सांगते.

माझे मामा पुण्यात गवंडीकाम करतात. या दिवाळीला त्यांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून आजी म्हणाली, "आपणच जाऊ वं." आई मात्र आली नाही. आमच्या वावरात सीतादही झाली होती आणि कापूस फुटला होता. फुटलेला कापूस झाडावर ठेवून कोठे जाता येत नाही. पाऊस आला तर तो काळा पडतो आणि भाव मिळत नाही. आई म्हणाली, "तुम्ही पाहून या. मी मागून पाहीन." आईचे सगळे मागूनच असते. जेवणसुद्धा. ती पालकसभेला शाळेत येते तेव्हा हे भित्तिपत्रक उभ्याने पूर्ण वाचते. म्हणून मी हा लेख जरा मोठा लिहिला आहे. इतरांनी कंटाळा आला तर मध्ये थांबावे.

दारव्ह्याहून आम्ही संध्याकाळी ट्रॅव्हल्समध्ये बसलो आणि सकाळी पुण्यात उतरलो. रस्त्यातले काही सांगता येणार नाही, कारण मी झोपले होते. आजी म्हणते, मी तिच्या खांद्यावर लाळ गाळली. ते खोटे आहे.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर एक बाग आहे. तिचे नाव पु. ल. देशपांडे उद्यान. तिला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असेही म्हणतात. ओकायामा हे जपानमधील एक शहर आहे. पुणे आणि ओकायामा या दोन शहरांची मैत्री आहे. आपल्याला वाटते माणसामाणसांचीच मैत्री असते, पण शहरांचीही असते बरे का! ओकायामा शहरात कोराकुएन नावाची तीनशे वर्षांपूर्वीची बाग आहे. तिच्यावरून ही पुण्याची बाग केली. नाव मात्र आपल्या मराठी लेखकाचे दिले. पु. ल. देशपांडे यांचा जन्म १९१९ साली झाला व ते २००० साली वारले. ते स्वतः जपानला जाऊन आले होते आणि त्या प्रवासाविषयी त्यांनी 'पूर्वरंग' या पुस्तकात लिहिले आहे. म्हणजे नाव बरोबरच दिले.

आम्ही पहिल्यांदा दुपारी गेलो तर फाटक बंद. ही बाग सकाळी आणि सायंकाळी उघडी असते, मामांना ते ठाऊक नव्हते. आजी रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसून राहिली आणि म्हणाली, "जपान जेवाले गेला वाटते." चार वाजल्यावर आम्ही तिकीट काढून आत गेलो.

खरे सांगते, आधी माझी निराशाच झाली. मला वाटले होते की जपान म्हणजे तेथे जपानी माणसे असतील, कागदाची घरे असतील, झुकझुक गाडी असेल. तसे काही नव्हते. गवत होते, दगड होते, पाणी होते, लहान पूल होते, पाण्यात मासे होते. मी मामांना विचारले, "मामा, जपान कोठे आहे?" मामा म्हणाले, "हाच असल ना." त्यांनाही नक्की माहीत नव्हते. दगड आणि गवत तर आमच्या धुऱ्यावरही आहे, मग त्याचे तिकीट कशाला, असे मला वाटले.

पण आजीला पहिली गोष्ट कळली. आजी चालता चालता पाण्याकडेच पाहत होती. कोठे पाणी दगडावरून खाली पडत होते, कोठे लहान नाल्यातून पळत होते, कोठे तळ्यात जाऊन गप्प बसत होते. आजी म्हणाली, "हे एकच पाणी हाय वं. दांडासारखं फिरवून रायले." खरेच तसे होते. या बागेत पाणी एका ठिकाणाहून निघते आणि सगळ्या बागेतून वाहत जाते. आमच्या वावरात बोअरचे पाणी दांडाने नेतात तेव्हा बाबा फावड्याने थोडी थोडी माती काढून उतार करतात. उतार जास्त झाला तर पाणी माती घेऊन पळते, कमी झाला तर मध्येच तुंबते. बागेतही तेच काम केले आहे, फक्त दांड सरळ नाही. तो मुद्दाम वाकडा नेला आहे. वावरात पाणी लवकर पोचावे म्हणून दांड सरळ काढतात. बागेत पाणी लवकर पोचू नये, ते जास्त वेळ दिसावे, त्याचा आवाज यावा, म्हणून वाकडा काढतात. मला हे फार आवडले.

पायवाटही तशीच वाकडी आहे. आमच्या शाळेच्या फाटकातून आत आले की ऑफिस, झेंड्याचा खांब, हातपंप, सगळे एकदम दिसते. तेथे तसे नाही. एका उंचवट्यामागे तळे लपवले आहे. वळण घेतले की तळे दिसते, पण पूल दिसत नाही. आणखी चालले की पूल दिसतो, पण तळे अर्धे झाडामागे जाते. बाग दहा एकरांची आहे. आमचे वावर चार एकर आहे, ते धुऱ्यावर उभे राहिले की एका नजरेत संपते. ही बाग अडीच पट आहे पण मला ती पन्नास एकरांची वाटली, कारण ती एकदम दिसतच नाही. गुरुजी नंतर म्हणाले की जपानमधल्या बागांची ही युक्ती आहे. थोडे दाखवायचे आणि थोडे लपवायचे. गोष्ट सांगणारी आजीसुद्धा तसेच करते. राक्षस कोठे लपला ते ती आधी सांगत नाही.

तिसरी युक्ती मला स्वतःला सापडली. तळ्याच्या काठी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी खाली बसून तो दगडाने ठोकत होते. सहज समोर पाहिले तर काय! ते लहानसे तळे समुद्रासारखे दिसू लागले. पाण्यातला गुडघ्याएवढा दगड डोंगरासारखा दिसू लागला. मी उभी राहिले, पुन्हा दगड. बसले, पुन्हा डोंगर. मी चार वेळा उठले-बसले. मामांना वाटले, मला शिक्षा झाली आहे. मग तेही बसले. ते गवंडी असल्यामुळे त्यांनी दगड नीट पाहिले आणि म्हणाले, "दगड वरून ठेवलेला नाही, निम्मा गाडला आहे." म्हणजे तो जमिनीतूनच वर आल्यासारखा वाटतो. वरून ठेवला असता तर तो कोणीतरी आणून टाकला आहे हे दिसले असते. घराच्या जोत्याचा दगडही असाच गाडतात, पण तो पडू नये म्हणून. येथे तो खोटा वाटू नये म्हणून गाडला होता.

आजीला आता हिरवळीवर बसून भाकर खायची होती. पण हिरवळीवर जायचे नाही आणि बागेत खायचे नाही असा नियम आहे. आजी म्हणाली, "गवत आहे अन् बसाचं नाही? मंग गवत कायले?" मामांनी तिला समजावले की ते गवत नाही, तो डोंगराचा उतार आहे असे समज. आजी म्हणाली, "मी लय डोंगर पाह्यले, डोंगरावर बसता येते." आम्ही बाकावर बसलो आणि भाकर बाहेर येऊन खाल्ली. या बाबतीत मला आजीचे बरोबर वाटते. पण रोज इतकी माणसे येतात, सगळी बसली तर गवत राहणार नाही, हेही खरे आहे.

गावी आल्यावर मी गुरुजींना सगळे सांगितले. त्यांनी मोबाईलवर शोधून ओकायामाच्या खऱ्या बागेची चित्रे आम्हा सर्वांना दाखवली व माहिती सांगितली. ती आता लिहिते.

कोराकुएन ही बाग ओकायामाच्या राजाने करवून घेतली. त्याचे नाव इकेदा त्सुनामासा. त्याने आपल्या त्सुदा नागातादा नावाच्या कारभाऱ्याला हे काम दिले. १६८७ साली काम सुरू झाले आणि १७०० साली बाग पूर्ण झाली. म्हणजे तेरा वर्षे लागली. आपल्याकडे त्या वेळी शिवाजी महाराज जाऊन काही वर्षे झाली होती व मराठे औरंगजेबाशी लढत होते. ती बाग सुमारे ३३ एकरांची आहे. जपानमध्ये तीन बागा सर्वांत प्रसिद्ध समजल्या जातात, त्यांतली ही एक. तिच्यात मोठे तळे आहे, तळ्यात बेटे आहेत आणि माणसांनी रचलेली एक टेकडी आहे. टेकडी फक्त सहा मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या शाळेच्या छतापेक्षा थोडी जास्त. पण आजूबाजूला सगळे सपाट असल्यामुळे तिच्यावरून पूर्ण बाग दिसते. लाल डोक्याचे मोठे क्रौंच पक्षी तेथे पाळलेले आहेत. आपल्या विदर्भात गोंदिया जिल्ह्यात सारस असतात, त्यांचे ते नातेवाईक.

आणि आता ऐका. त्या राजाच्या बागेत धानाचे शेत आहे! चहाचा मळाही आहे. मी गुरुजींना दोनदा विचारले, खरेच का? खरेच आहे. आपल्याला वाटते बाग म्हणजे फुले, आणि शेत म्हणजे काम. शेतकऱ्याच्या पोरीला बागेत शेत पाहून काय वाटेल? मला तर आनंद झाला. आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "मंग आपण रोजच बागेत जातो." सगळे हसले, पण गुरुजी हसले नाहीत.

त्या बागेच्या बाजूने असाही नावाची नदी वाहते आणि नदीच्या पलीकडे ओकायामाचा किल्ला आहे. तो काळ्या रंगाचा आहे, म्हणून त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. किल्ला बागेत नाही, पण बागेतून दिसतो. बाग अशी रचली आहे की झाडांच्या वर किल्ला दिसावा आणि तो बागेचाच भाग वाटावा. याला जपानी लोक उसने घेतलेले दृश्य म्हणतात. आपण शेजारून वाटीभर साखर उसनी आणतो तसे. पण साखर परत द्यावी लागते, किल्ला परत द्यावा लागत नाही. पुण्याच्या बागेतून मला पर्वतीकडची टेकडी दिसली होती. तेव्हा मला ही गोष्ट ठाऊक नव्हती, नाहीतर मी नीट पाहिली असती.

त्या बागेवर वाईट दिवसही आले. १९३४ साली मोठा पूर आला. १९४५ साली दुसऱ्या महायुद्धात जून महिन्यात ओकायामावर विमानांतून बॉम्ब टाकले. शहर जळाले, किल्ला जळाला, बागेचीही फार नासधूस झाली. मग लोकांनी काय केले? राजाच्या काळातली बागेची जुनी चित्रे व नकाशे जपून ठेवलेले होते. ते पाहून पाहून बाग पूर्वी होती तशी पुन्हा केली. किल्लाही १९६६ साली पुन्हा बांधला, आता सिमेंटचा आहे. म्हणजे आज जी जुनी बाग म्हणतात तीसुद्धा चित्रावरून पुन्हा काढलेली आहे.

बागेच्या नावाचा अर्थ मी शेवटी लिहिणार होते, पण येथेच लिहिते. कोराकुएन हे नाव १८७१ साली दिले. त्याचा अर्थ, मागून आनंद घेण्याची बाग. चीनमधले एक जुने वचन आहे, की राजाने प्रजेच्या आधी काळजी करावी आणि प्रजेच्या नंतर आनंद घ्यावा. त्यावरून हे नाव आले. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा मला एकदम आईची आठवण झाली. पण आई राजा नाही. आणि राजा खरेच मागून आनंद घेत होता की नाही ते मला माहीत नाही, कारण बाग तर त्यानेच आधी पाहिली असेल.

ओकायामाची एक गोष्टही प्रसिद्ध आहे. ती लहान मुलांसाठी थोडक्यात सांगते. एक म्हातारी नदीवर कपडे धुवत होती. पाण्यातून एक मोठे पीच फळ वाहत आले. तिने ते घरी नेले तर त्यातून मुलगा निघाला. त्याचे नाव मोमोतारो. तो मोठा होऊन राक्षसांशी लढायला निघाला. वाटेत त्याला कुत्रा, माकड आणि रानकोंबड्यासारखा एक पक्षी भेटले. त्याने त्यांना वरीसारख्या बारीक धान्याचे लाडू दिले आणि ते त्याचे सोबती झाले. ओकायामाच्या रेल्वे स्टेशनसमोर त्याचा पुतळा आहे. लाडूंवर तीन सैनिक मिळाले हे मला स्वस्त वाटले.

आता भांडणाची गोष्ट. मी हे सगळे वर्गात सांगत होते तेव्हा पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "म्हणजे पुण्याच्या लोकांनी नक्कलच केली ना? आपण नक्कल केली तर गुरुजी मारतात." (गुरुजी मारत नाहीत, पण रागावतात.) मला उत्तर आले नाही. मला रडू येऊ लागले, कारण मी एवढ्या दूर जाऊन पाहिलेली गोष्ट नक्कल निघाली.

गुरुजींनी तेव्हा उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांला तीन गोष्टी सांगितल्या. एक अशी की, ओकायामाच्या बागेतले तळे आणि बेटे ही जपानमधल्या सर्वांत मोठ्या तलावासारखी केली आहेत असे सांगतात. त्या तलावाचे नाव बिवा. म्हणजे खऱ्या बागेनेही कोणाचे तरी पाहून केले. दुसरी गोष्ट, जपानच्या लोकांनी नागासाकी जिल्ह्यात ससेबो येथे चक्क हॉलंड देश बांधला आहे. तो १९९२ साली सुरू झाला. तेथे हॉलंडसारखे कालवे, पवनचक्क्या, विटांच्या इमारती आणि ट्युलिपची फुले आहेत. जपानी लोक तिकीट काढून हॉलंड पाहतात आणि पुण्याचे लोक तिकीट काढून जपान पाहतात. तिसरी गोष्ट लांबची नाही. आपल्या नागपूरजवळ कामठीला ड्रॅगन पॅलेस नावाचे बुद्धाचे देऊळ आहे, ते १९९९ साली जपानी लोकांच्या मदतीने झाले. ते आमच्या वर्गातल्या एका मुलीने पाहिलेलेच होते. ते लोक दीक्षाभूमीवर गेले होते तेव्हा तेथेही गेले. ती म्हणाली की आतली बुद्धाची मूर्ती चंदनाची आहे आणि तेथे गेल्यावर तिचा लहान भाऊसुद्धा आपोआप हळू बोलू लागला. मुंबईला गोराई येथे ब्रह्मदेशातल्या पॅगोडासारखा मोठा पॅगोडा आहे, असेही गुरुजी म्हणाले. तो २००९ साली उघडला.

मग गुरुजींनी फळ्यावर 'अ' काढला आणि विचारले, "तुम्ही पहिलीत असताना हा कसा शिकला?" सगळे म्हणाले, "गिरवून." मला समजले. शेजारच्याच्या पाटीतले उत्तर पाहून लिहिणे आणि अक्षर गिरवणे यांत फरक आहे. पुण्याच्या लोकांनी जपानमधून डोंगर उचलून आणला नाही. त्यांनी वाट कशी वळवायची आणि पाणी कसे फिरवायचे ते गिरवले. ऊन पुण्याचे आणि माळीही पुण्याचेच. ओकायामात थंडी पडते आणि पानगळीत मेपलची झाडे लाल होतात. ती थंडी कोणाला आणता येणार? पुढच्या बाकावरचा मुलगा अजूनही त्याला नक्कलच म्हणतो. असो.

मधल्या सुट्टीत आम्ही एक खेळ काढला. जपानी लोकांनी हॉलंड बांधला, तसे उद्या त्यांनी दारव्हा बांधायचे ठरवले तर? काय काय लागेल? कोणी म्हणाले, काळी माती पाहिजे, बोटीतून न्यावी लागेल. कोणी म्हणाले, पऱ्हाटी आणि तूर. निंबाचे झाड. बैलबंडी. पोळ्याचे तोरण. बाजाराचा दिवस. शकुंतला गाडी तर पाहिजेच पाहिजे. लहान मित्रांना शकुंतला माहीत नसेल. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी ती छोट्या रुळांची गाडी होती. इंग्रजांच्या काळात कापूस नेण्यासाठी ती लाईन टाकली. तिचे वाफेचे इंजिन इंग्लंडात मँचेस्टरला बनले होते व ते १९९४ सालापर्यंत चालले. पुढे डिझेलचे आले. आता गाडी बंद आहे. माझे आबाजी सांगतात की ती इतकी हळू जाई की माणूस उतरून बोरे तोडून परत चढू शकत असे. जपानी लोकांना वेगवान गाड्यांची सवय आहे, त्यांना शकुंतला फार आवडेल. एक मुलगी म्हणाली, "मे महिन्यातलं ऊन कसं नेतीन?" त्यावर कोणालाच उपाय सुचला नाही. जसा आपल्याला त्यांचा बर्फ आणता येत नाही तसे त्यांना आपले ऊन नेता येणार नाही.

आम्ही खेळून थांबलो नाही. शाळेत हातपंपाजवळ खिचडीच्या वेळी सगळे हात धुतात. ते पाणी नुसते पसरून चिखल होतो. आम्ही पाच जणांनी गुरुजींना विचारून तेथे बाग करायचे ठरवले. पाणी एका जागेचे, म्हणजे हातपंपाचे. पहिले नाली काढली, मुद्दाम वाकडी. नालीच्या टोकाला तीन हात लांब खड्डा केला. काठाला दगड निम्मे गाडले, मामांनी सांगितले तसे. उसने दृश्यही घेतले. भिंतीपलीकडचे मारुतीच्या देवळाचे शिखर आणि निंबाचे झाड पाण्यात दिसेल अशी जागा धरली. सगळे उत्तम झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतो तर तळ्यात थेंब नाही. तळाला नुसत्या भेगा.

तीन दिवस असेच झाले. पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "तुमचा जपान वाळला." मला फार राग आला.

घरी आजीला सांगितले. आजी म्हणाली, "तुडवलं काय?" आम्ही तुडवले नव्हते. आपली काळी माती वाळली की तडकते आणि पाणी त्या भेगांतून खाली जाते. पण तिच्यात पाणी घालून पायांनी खूप तुडवली, तर ढेकळे मोडतात, बारीक छिद्रे बुजतात आणि लोण्यासारखा थर होतो. मग त्यातून पाणी लवकर झिरपत नाही. गुरुजी म्हणाले, भंडारा-गोंदियाकडे धान लावण्याआधी बांधीत असाच चिखल करतात, त्याला चिखलणी म्हणतात. म्हणजे ओकायामाच्या राजाच्या बागेतल्या धानालाही चिखल लागतच असेल. आम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास चिखल तुडवला. माझ्या परकराचे काय झाले ते विचारू नका. वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवला. आता तळ्यात पाणी राहते. मात्र रोज थोडे पाणी घालावे लागते, कारण एकदा का तळ वाळला की पुन्हा भेगा पडतात आणि पुन्हा तुडवावे लागते.

डास होऊ नयेत म्हणून गुरुजींनी दवाखान्यातून गप्पी मासे आणून दिले. ते डासांची पिल्ले खातात. पुण्याच्या तळ्यात हाताएवढे मासे होते, आमचे मुगाच्या दाण्याएवढे आहेत. पण खाली बसून पाहिले की मोठे दिसतात.

मागच्या शुक्रवारी आई वावरातून येताना माझ्यासाठी शाळेत थांबली. तिच्या लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले होते आणि बोटांना बोंडांचे ओरखडे होते. मी तिला ओढत हातपंपाकडे नेले. ती म्हणाली, "कोठे हाय तुझा जपान?" मी म्हटले, "उभ्याने दिसत नाही, खाली बस." ती म्हणाली, स्वयंपाक राहिला आहे. मी म्हटले, "थोडीशी बस ना वं." मग ती टोपले बाजूला ठेवून बसली. पाण्यात निंबाचे झाड उलटे दिसत होते आणि देवळाचे शिखर हलत होते. आई बराच वेळ काही बोलली नाही. तिने एक दगड थोडा सरकवून दिला. मग म्हणाली, "काठ वाळून रायला पाहाय. पाणी घाल."

मी हातपंप हापसला, आणि आईने हाताने नाली साफ केली.